तबकडीवरचे नाव

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला, म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज मी गाण्याबजावण्यावर बोलणार आहे. आणि तेही आपल्या गाण्यावर नव्हे, तर अमेरिकेत जन्मलेल्या ब्लूज, जाझ आणि रॉक या संगीतावर. संगीतशास्त्र मी शिकलेलो नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि नगर वाचनालयात. तरीही हा विषय घेतला, याला एक कारण घडले.

आमच्या युनियनमधला एक तरुण कामगार एके दिवशी मला म्हणाला, "अण्णा, पाळी सुटली की मी ही इंग्रजी गाणी कानाला लावतो. घरचे म्हणतात, हा कसला गोंगाट! यातले चांगले काय ऐकावे, हे मात्र कोणी सांगत नाही." त्याला उत्तर देण्यासाठी मी स्वतः ऐकू लागलो, वाचू लागलो. आज मी त्याला आणि तुम्हांला अलीकडच्या सहा ध्वनिमुद्रिका सुचवणार आहे. आमच्या वडिलांच्या वेळी तबकडी होती, आमच्या तरुणपणी कॅसेट आली, आता 'अल्बम' म्हणतात आणि तो हातात धरताही येत नाही. वस्तू बदलली; पण तिच्याविषयी विचारण्याचा एक प्रश्न बदललेला नाही. तो प्रश्न असा : तबकडीवर नाव कोणाचे आहे, आणि वाजवले कोणी?

या संगीताकडे जाण्याची एक वाट आपल्याच जिल्ह्यातून निघते. महात्मा फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, आणि अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील सज्जनांना ती अर्पण केली. कायद्याने ती गुलामगिरी १८६५ साली संपली होती. परंतु बेडी तुटली तरी जमीन मालकाचीच राहिली. मुक्त झालेला माणूस त्याच कापसाच्या शेतात वाटेकरी म्हणून राबू लागला. दाणागोटा मालकाच्या दुकानातून उधार, सुगीचा हिशेब मालकाच्या वहीत, आणि दरसाल अंगावर बाकी! ज्यांच्या आजा-पणजांनी सावकाराची वही पाहिली आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

त्या शेतांवरच्या कष्टाच्या गाण्यांतून आणि देवळातल्या प्रार्थनागीतांतून ब्लूज निघाले. त्याची बांधणी साधी असते. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. दुसऱ्यांदा तीच ओळ येते तेव्हा गाणारा पुढचे शब्द जुळवीत असतो आणि ऐकणारा आपले दुःख आठवीत असतो. जात्यावर बसलेल्या बाईला हे तंत्र शिकवावे लागत नाही.

मेमी स्मिथ या गायिकेने १९२० साली 'क्रेझी ब्लूज' हे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि त्याचा खप पाहून कंपन्या चकित झाल्या. कृष्णवर्णीय माणूस पोटाला चिमटा घेऊन तबकडी विकत घेतो, हे त्यांना तेव्हा कळले. मग त्यांनी काय केले? त्यांच्यासाठी 'रेस रेकॉर्ड्स' नावाची वेगळी मालिका काढली. गाण्यालाही वेगळा पाणवठा दिला!

१९४१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे संग्राहक ॲलन लोमॅक्स मिसिसिपी राज्यातील स्टोव्हॉल नावाच्या मळ्यावर यंत्र घेऊन गेले. तेथे ट्रॅक्टर चालवणाऱ्या एका मजुराचे गाणे त्यांनी मुद्रित केले. त्या मजुराला मडी वॉटर्स म्हणत. आपला आवाज यंत्रातून ऐकल्यावर त्याला आपल्या गुणांविषयी भरवसा वाटू लागला. १९४३ साली त्याने मळा सोडला, आगगाडीने शिकागो गाठले आणि कागदाच्या कारखान्यात काम धरले. रात्री तो दारूच्या गुत्त्यांत गाई. तेथल्या कलकलाटात साध्या गिटारीचा आवाज पोचेना, म्हणून त्याने विजेची गिटार घेतली. रॉक संगीताचे मूळ शोधायचे तर या कामगारवस्तीत यावे लागते.

मडी वॉटर्सची ही हकीकत वाचताना मला सारखी आठवण होत होती ती वाटेगावची. वाळवे तालुक्यातले हे गाव आपल्यापासून दूर नाही. तेथून अण्णाभाऊ साठे बालवयात वडिलांबरोबर पायी मुंबईला गेले. गिरणीत राबले, माटुंग्याच्या लेबर कँपात राहिले, आणि १९४४ साली अमर शेख व गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची 'माझी मैना' ही छक्कड गावोगाव गाजली. पोटासाठी शहरात आलेला माणूस, गावी राहिलेली त्याची माणसे आणि दोहोंमधले ते न संपणारे अंतर, हाच ब्लूजचाही विषय आहे. पाटण-कराडकडच्या ज्या घरांतला माणूस मुंबईच्या गिरणीत होता, त्या घरांना हा विषय पुस्तकातून समजून घ्यावा लागत नाही.

आता पहिल्या दोन शिफारशी करतो. पहिली रिअनन गिडन्स यांची 'फ्रीडम हायवे' (२०१७). गिडन्स बॅन्जो वाजवतात. या वाद्याचे मूळ आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडे जाते, ही गोष्ट त्यांनी आग्रहाने लोकांपुढे मांडली. या मुद्रिकेतील पहिले गाणे एका जुन्या जाहिरातीवरून सुचलेले आहे. एक गुलाम स्त्री विकावयाची आहे, तिला नऊ महिन्यांचे मूल आहे, आणि ते मूल घ्यावे की न घ्यावे ही गिऱ्हाइकाची मर्जी, असा त्या जाहिरातीचा आशय. गिडन्स यांनी त्या बिननावाच्या आईला आवाज दिला. इंग्रजी शब्द कळले नाहीत तरी त्या आवाजातला ताठपणा कळतो.

दुसरी '६६२' (२०२१). वादक क्रिस्टोन इन्ग्रॅम, ज्यांना 'किंगफिश' म्हणतात. जन्म १९९९ चा, गाव मिसिसिपीतील क्लार्क्सडेल. स्टोव्हॉलचा तो मळा याच गावाजवळचा. ६६२ हा त्या भागाचा टेलिफोनचा सांकेतिक क्रमांक आहे. उद्या आपल्या एखाद्या पोराने आपल्या गाण्यांना '०२१६४' असे नाव द्यावे, तशातला हा प्रकार! पुढच्या वर्षी या मुद्रिकेला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. जुने गाणे गावात राहूनही नवे कसे होते, हे येथे ऐकावे.

ब्लूजच्या तबकड्या समुद्र ओलांडून इंग्लंडात गेल्या आणि तेथील पोरे त्यांवर वेडी झाली. मडी वॉटर्सने १९५० साली 'रोलिंग स्टोन' हे गाणे मुद्रित केले होते. त्यावरून १९६२ साली लंडनच्या एका वाद्यवृंदाने आपले नाव घेतले, आणि 'रोलिंग स्टोन्स' जगप्रसिद्ध झाले. रॉक संगीतात अलोट पैसा आला. परंतु ज्यांच्या चालींवर ते उभे होते त्यांच्या पदरी तो क्वचितच पडला. मडी वॉटर्ससाठी अनेक गाणी रचणारे विली डिक्सन यांना १९८५ साली 'लेड झेपेलिन' या प्रसिद्ध वाद्यवृंदावर दावा लावावा लागला. १९८७ साली तडजोड झाली, आणि पुढे त्या गाण्यावर डिक्सन यांचे नाव लागले. नाव हे केवळ मानासाठी नसते. नावामागून हिशेब येतो.

म्हणून तिसरी शिफारस रोलिंग स्टोन्सच्या 'ब्लू अँड लोनसम' (२०१६) या मुद्रिकेची. सत्तरीत पोचलेल्या या वादकांनी आपली स्वतःची एकही नवी रचना न घेता लिटल वॉल्टर, हाउलिंग वुल्फ इत्यादी शिकागोकरांची जुनी गाणी तीन दिवसांत वाजवून काढली. एवढे नाव कमावल्यावर गुरूच्या घरी परत जाऊन जमिनीवर बसावे, तसे हे वाजवणे आहे.

आता जाझकडे वळू. हे संगीत न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या गावी कृष्णवर्णीय वादकांनी घडवले. परंतु १९१७ साली जाझची म्हणून जी पहिली तबकडी निघाली, ती गोऱ्या वादकांच्या वृंदाची होती! किंग ऑलिव्हर आणि त्यांच्या वृंदातला तरुण लुई आर्मस्ट्राँग यांच्या तबकड्या निघण्यास १९२३ साल उजाडावे लागले. तबकडी जे दाखवते तेवढाच इतिहास मानला तर अशी फसगत होते.

तबकडी काय दाखवत नाही, याचे याहूनही मोठे उदाहरण एका संपाचे आहे. ध्वनिमुद्रण आणि रेडिओ यांमुळे हॉटेलांत, नाट्यगृहांत वाजवणाऱ्यांच्या रोजगारावर गदा आली. वादकाने एकदा वाजवून मजुरी घ्यायची आणि त्याच वाजवण्याने पुढे त्याचीच नोकरी खायची! १ ऑगस्ट १९४२ रोजी जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील वादकांच्या महासंघाने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. एका कंपनीने १९४३ साली, तर उरलेल्या दोन बड्या कंपन्यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये करार केला. विकलेल्या प्रत्येक तबकडीमागे ठरावीक रक्कम संघटनेच्या निधीत यावी, आणि त्या पैशातून वादकांना काम देऊन लोकांसाठी विनामूल्य कार्यक्रम करावेत, असे ठरले. यंत्राने खाल्लेला रोजगार यंत्राच्याच नफ्यातून भरून घेण्याचा हा मार्ग आजही विचार करण्याजोगा आहे.

याच दोन वर्षांत न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी आदी तरुण 'बीबॉप' हे नवे जाझ घडवीत होते. संपामुळे त्या घडणीच्या तबकड्या जवळजवळ नाहीतच. इतिहासात एक मूक पान राहिले. संप योग्य होता असे मी मानतो. पण त्याची ही किंमतही मान्य केली पाहिजे.

आणखी एक कबुली. त्याच महासंघात अनेक शहरांत गोऱ्या आणि काळ्या वादकांच्या शाखा वेगवेगळ्या होत्या. लॉस एंजेलिसमध्ये त्या १९५३ साली एक झाल्या. शिकागोत १९६६ साली. हसण्याचे कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणाईखात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत, कारण सूत तोंडाने ओढावे लागे आणि विटाळ होई म्हणे! १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे स्पष्ट शब्दांत मांडला. संघटनेच्या झेंड्याखालीही भिंती असतात. त्या पाडल्याशिवाय एकजूट हा शब्द पोकळ राहतो.

चौथी शिफारस त्याच लॉस एंजेलिसच्या कामासी वॉशिंग्टन यांची, 'द एपिक' (२०१५). सॅक्सोफोन, तालवाद्ये, तंतुवाद्ये आणि गायकांचा मोठा समूह; जवळजवळ तीन तासांचे संगीत. एका बैठकीत ऐकू नका. रात्रभराच्या कीर्तनाला बसतो तसे थोडे थोडे मुरू द्या. बरोबर वाढलेल्या मित्रांनी एकत्र वाजवल्यावर काय होते ते कानाला कळेल.

जाझ आपल्याकडेही आले. लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा वृंद १९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. ते १९४५ साली कलकत्त्यात वारले. या मंडळींकडून ही विद्या घेतली गोव्याच्या पोरांनी. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवत. रोजगारासाठी ती मुंबईला येत आणि गावच्या 'कूड'मध्ये उतरत. आपल्याकडचा गिरणी कामगार गावच्या मंडळींच्या खोलीत पथारी टाकी, तशीच ती व्यवस्था. एकाच शहरात दोन्ही खोल्या; एकीत ढोलकी, दुसरीत ट्रंपेट.

हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७) हे 'चिक चॉकलेट' या नावाने गाजलेले ट्रंपेटवादक. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर म्हणजे सी. रामचंद्र यांनी त्यांना सिनेसंगीतात आणले. १९५१ चा 'अलबेला' आठवा. त्याचे दिग्दर्शक व नायक भगवान हे गिरणी कामगाराचे पुत्र. नगरी मातीतला संगीतकार, गिरणगावातला नट आणि गोव्याचा ट्रंपेटवाला यांनी मिळून ती नाचगाणी उभी केली, आणि ती कराडच्या थिएटरात आपल्या वडीलधाऱ्यांनी शिट्ट्या मारून पाहिली. म्हणजे जाझ आपल्या घरात केव्हाच आले होते. त्याचे नाव तेवढे आपल्याला कोणी सांगितले नव्हते.

चिक चॉकलेट यांच्या स्वतःच्या वृंदाच्या तबकड्यांवर त्यांचे नाव असे. परंतु सिनेमाच्या तबकडीवर गायक आणि संगीतकार एवढीच नावे. चाल स्वरलिपीत उतरवून शंभर वाद्यांत वाटणारे संयोजक आणि प्रत्यक्ष वाजवणारे हात यांना तेथे जागा नव्हती. गायकांनाही ती आपोआप मिळाली नाही. १९४९ च्या 'महल' चित्रपटातले गाजलेले गाणे प्रथम तबकडीवर आले, तेव्हा गायिका म्हणून त्यावर चित्रपटातील पात्राचे 'कामिनी' हे नाव होते. लता मंगेशकर हे नव्हे! आणि अँथनी गोन्साल्विस हे नाव १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'पासून पोराटोरांच्या तोंडी आहे. पण ते नाव गोव्यातल्या माजोर्ड्याच्या एका व्हायोलिनवादकाचे, संगीतकार प्यारेलाल यांच्या गुरूंचे आहे, हे किती जणांना ठाऊक? शिष्याने गुरूचे नाव गाण्यात घातले म्हणून ते राहिले. ते गुरू २०१२ साली गेले.

पुढे एकाच यंत्रातून अनेक वाद्यांचे आवाज काढणारा सिंथेसायझर आला आणि वादकांची मोठी पथके ओसरली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यांतल्या अनेकांना पुन्हा गिरणी दिसली नाही. गिरणीचा भोंगा आणि स्टुडिओतला व्हायोलिनांचा ताफा एकाच काळात मंदावला. एकाच्या कहाण्या आपण सांगतो. दुसऱ्याच्या फारशा सांगत नाही.

२०१२ साली आपल्या स्वामित्व हक्काच्या कायद्यात दुरुस्ती झाली. गाणारा-वाजवणारा यालाही व्यापारी उपयोगावर स्वामित्वधनाचा हक्क मिळाला. मोठी गोष्ट झाली. परंतु त्याच कायद्यात एक परंतुक आहे. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक वा आनुषंगिक आहे आणि धंद्याच्या रूढीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत कोठेच येत नाही, तो बहुतांशी कलावंत म्हणून गणला जाणार नाही. कायद्याची भाषा बाजूला ठेवून सांगतो : ज्याचे नाव नाही, त्याचा वाटा नाही. हजेरीपटावर नाव नसलेल्या बदली कामगाराला आम्ही हेच वाक्य वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत.

शेवटच्या दोन शिफारशी. पाचवी सारथी कोरवार यांची 'डे टू डे' (२०१६). सिद्दी म्हटले की आपल्याला जंजिरा आठवतो. पण आफ्रिकेतून आलेल्या त्यांच्या पूर्वजांचे ताल गुजरातेतील रतनपूरचे गरीब सिद्दी आजही वाजवतात. कोरवार यांनी त्यांच्यात जाऊन ते मुद्रित केले आणि जाझशी जोडले. आफ्रिकेतून एक वाट मिसिसिपीला गेली, एक आपल्या किनाऱ्याला आली. या मुद्रिकेत दोघी बहिणी भेटतात.

सहावी 'शक्ती' या वृंदाची 'धिस मोमेंट' (२०२३). जॉन मॅक्लॉक्लिन यांची गिटार, झाकीर हुसेन यांचा तबला, शंकर महादेवन यांचा कंठ, गणेश राजगोपालन यांचे व्हायोलिन, सेल्वगणेश यांची तालवाद्ये. पाच माणसे आणि पाचांची नावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाकीरभाई गेले. आता ती ऐकताना प्रत्येक थाप मोजून ऐकावीशी वाटते.

काही वर्षांपूर्वी आम्ही असंघटित कामगारांची नोंदणी करीत होतो. एक वयस्क गृहस्थ आले. लग्नाच्या वरातींत चाळीस वर्षे क्लॅरिनेट वाजवलेले. अर्जात व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी 'मजूर' असे लिहिले. मी म्हटले, "मामा, वादक लिहा की." ते म्हणाले, "वादक म्हणजे मोठी माणसं, साहेब. आमचं नाव कोण विचारतंय?" त्यांच्या वाजवण्यावर मी स्वतः लहानपणी नाचलो होतो, आणि त्यांचे नाव मला त्या दिवशी अर्जावरून कळले.

तेव्हा त्या तरुण मित्राला माझे सांगणे एवढेच. या सहा मुद्रिका ऐक. एखादी आवडली नाही तर सोड, त्यात कमीपणा नाही. पण जी आवडेल तिच्यावर कोणी काय वाजवले हे शोधून वाच. मोबाईलच्या पडद्यावर ते सहसा दिसत नाही, खटपट करावी लागते. आणि येत्या लग्नसराईत कराडच्या रस्त्यावरून वरात जाईल तेव्हा नाचून झाल्यावर दोन पावले पुढे जा, आणि क्लॅरिनेटवाल्याला त्याचे नाव विचार.